अमिश लोकांची गावं 'बघायला' जावं का?

चांदणवेल | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, त्यामुळे न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन ही नेहमीची यात्रा ठरलेलीच. पण आप्पांनी (सासरे) फोनवर सांगून टाकलं, "पोरी, उंच उंच बिल्डिंगी टीव्हीवर बघितल्यात. तिथलं रान दाखव." आप्पांची निपाणीजवळ जमीन आहे. अख्खं आयुष्य तंबाखूत गेलं, आता ऊस. मला लगेच पेनसिल्वेनियातलं लँकेस्टर आठवलं. अडीच तासांचा रस्ता. खेचरांनी नांगरणारे, घोडागाडीतून फिरणारे अमिश लोक (एक ख्रिस्ती पंथ) तिथे आहेत. आप्पांना याहून चांगलं काय दाखवणार?

तर नवरा म्हणतो, "माणसं काय बघायला जायची गोष्ट आहे? आपल्या वाड्यापुढं बस थांबली आणि आई जात्यावर बसलेली असताना पन्नास जणांनी फोटो काढले तर?" यावरून आमचं दोन दिवस नीट बोलणं नाही.

जाऊन आलेल्यांनी सांगा, काय बघता येतं, काय टाळावं? शाकाहारी जेवण मिळतं का (आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, अंडंही चालत नाही)? आणि मुळात नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर आधी द्या.

घाटमाथा | १४ सप्टेंबर

आम्ही पाच-सहा वेळा गेलोय. सगळ्यात महत्त्वाचं, रविवारी जाऊ नका. त्यांची सगळी दुकानं, घरापुढचे ठेले बंद असतात. रस्त्याकडेच्या पाट्यांवरही 'रविवारी विक्री नाही' लिहिलेलं असतं. आम्ही पहिल्यांदा रविवारीच कडमडलो आणि आउटलेट मॉलमधून बूट घेऊन परत आलो.

दुसरं म्हणजे रूट ३० वर अडकू नका. तिथे सगळा बाजार आहे, 'अमिश' नावाखाली काहीही विकतात. रूट ३४० घ्या आणि बर्ड-इन-हॅन्डच्या पुढे मिळेल त्या लहान रस्त्याला वळा. हरवलात तरी चालेल, तेच बघायचंय. शुक्रवारी जमलं तर एफ्राटाचा ग्रीन ड्रॅगन बाजार चुकवू नका. जनावरांच्या लिलावापासून भाजीपर्यंत सगळं मिळतं, थेट आपल्या आठवडी बाजाराचा थाट.

गाडी हळू चालवा. चढावरून वर आलं की समोर अचानक बग्गी असते. मागे केशरी त्रिकोण दिसला की ब्रेक.

तिरकस_तेंडल्या | १४ सप्टेंबर

घाटमाथाने एक सांगितलं नाही. त्याच ३४० वर 'इंटरकोर्स' नावाचं गाव लागतं. जवळच 'पॅरडाइज'ही आहे. आप्पा पाट्या वाचत बसले तर सूनबाईंनी खिडकीबाहेरच्या ढगांवर बोलायला सुरुवात करावी.

चांदणवेल | १४ सप्टेंबर

@तिरकस_तेंडल्या :)) आप्पांना इंग्रजी येत नाही, देवाची कृपा. पण नणंदेचा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि तोही येतोय.

बोरूबहाद्दर | १५ सप्टेंबर

थोडी पार्श्वभूमी, कारण पुष्कळ जण 'अमिश म्हणजे जुनाट लोक' एवढ्यावर थांबतात.

युरोपात सोळाव्या शतकात एक पंथ निघाला. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही, कळत्या वयात माणसाने स्वतः घ्यायचा, आणि हाती शस्त्र धरायचं नाही, असं ते म्हणत. या लोकांचा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनीही छळ केला. त्यांच्यातल्या एका मोठ्या गटाला मेनो सिमन्स या धर्मगुरूवरून मेनोनाइट नाव पडलं. पुढे १६९३ मध्ये याकोब अम्मान हा पुढारी वेगळा झाला. पंथाचे नियम मोडणाऱ्याशी पंगत-व्यवहार तोडायचा की नाही, हा भांडणाचा एक मोठा मुद्दा होता. अम्मानचे ते अमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्वेनियात आले. युरोपात आता एकही अमिश वस्ती उरलेली नाही, आणि इथे मात्र साधारण चार लाख लोक आहेत. दर वीसेक वर्षांनी संख्या दुप्पट होते, कारण घरटी सहा-सात मुलं आणि त्यातली बहुसंख्य पंथातच राहतात.

लँकेस्टरला गेल्यावर एक खूण लक्षात ठेवा. करडी बग्गी म्हणजे अमिश. काळी बग्गी किंवा सायकलवरचा माणूस दिसला तर बहुधा जुन्या वळणाचा मेनोनाइट. लँकेस्टरचे अमिश सायकल वापरत नाहीत, पायाने रेटायची स्कूटर वापरतात. ओहायोत गेलात की अमिशांचीच बग्गी काळी.

तिरकस_तेंडल्या | १५ सप्टेंबर

म्हणजे पंक्तीत कुणी बसायचं यावरून पंथ फुटला. उगाच परके वाटत होते.

नलूमावशी | १५ सप्टेंबर

चांदणवेल, तुझ्या यजमानांचं अगदीच चूक नाही गं.

९४ साली आम्ही मंडळाची बस करून गेलो होतो. एका शेताशी बस थांबली. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. निळा, जांभळा, हिरवा, एकेक कपडा दोरीवर चढत होता, फार देखणं दिसत होतं. आमच्यातल्या एकांनी कॅमेरा काढला आणि "हॅलो, हॅलो" करून तिला हाका मारायला लागले. तिने एकदा बघितलं, पाठ फिरवली आणि हातातला कपडा तोंडासमोर धरून तशीच उभी राहिली. आम्ही जाईपर्यंत. तीस वर्षं झाली, मला त्या सहलीतलं बाकी काही धड आठवत नाही.

ते लोक फोटोसाठी उभे राहत नाहीत, 'कोरीव मूर्ती करू नको' या बायबलच्या आज्ञेमुळे. मिरवणं नको हेही कारण आहेच. मुलींच्या बाहुल्यांनासुद्धा नाक-डोळे नसतात. शेतं, कोठारं, दुरून जाणारी बग्गी यांचे फोटो घ्या. माणसांचे चेहरे नकोत.

तरी जा. आम्ही नंतर दोघंच चार वेळा गेलो. बसने जाऊ नये एवढंच.

खडूस_कोकण्या | १५ सप्टेंबर

नवरोजींच्या आणि मावशींच्या भावना पोचल्या, पण जरा वस्तुस्थिती बघू. लँकेस्टरला जमीन सोन्याच्या भावाने जाते. घरात सात मुलं, शेताचे सात तुकडे कसे करणार? त्यामुळे तिथल्या बहुतेक अमिश घरांचं पोट आता निव्वळ शेतीवर चालत नाही. सुतारकाम, फर्निचर, गोधड्या, बागेतली लाकडी घरं, बेकरी. गिऱ्हाईक कोण? आपणच. पर्यटक नकोत असं त्यांना वाटत असतं तर अंगणात पाटी लावून लोणची विकली नसती.

आमच्या गुहागरात लोक येऊन नारळीपोफळीच्या बागा 'बघतात'. आम्ही जेवण घालतो, पैसे घेतो, ते गेल्यावर त्यांच्या टोप्यांना हसतो. दोन्ही बाजू खूश.

नलूमावशी | १५ सप्टेंबर

कोकण्या, तुम्ही गिऱ्हाइकाला अंगणात घेता, माजघरात नाही. मी तेवढंच म्हणतेय.

ओहायोचा_पाहुणा | १६ सप्टेंबर

ओहायोतल्या अमिशबहुल होम्स काउंटीपासून पाऊण तासावर राहतो. कामानिमित्त अमिश सुतारांशी नेहमी गाठ पडते, म्हणून चार गोष्टी.

ते यंत्राला घाबरतात हा पहिला गैरसमज. माझं किचन कॅबिनेट ज्या कारखान्यात झालं तिथे करवती, सँडर, रंधा सगळं होतं. फक्त विजेच्या तारेवर नव्हतं. डिझेल इंजिनावर कॉम्प्रेसर आणि हवेच्या दाबावर सगळी हत्यारं. त्याला गमतीने 'अमिश वीज' म्हणतात. हल्ली सौर पॅनेलही दिसतात. बाहेरच्या जगाला जोडणारी तार घरात नको, हा मुद्दा. फोनचंही तसंच. घरात नाही, पण अंगणाच्या टोकाला लाकडी खोपट्यात असतो, दोन-तीन घरांत मिळून एक. व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा, तो संध्याकाळी येऊन ऐकणार आणि फोन करणार. ईमेलला उत्तर देणाऱ्या माझ्या इतर कंत्राटदारांपेक्षा लवकर करतो.

मोटारीत बसायला हरकत नाही, मालकीची नको आणि चालवायची नाही. लांब जायचं तर बिगर-अमिश ड्रायव्हर भाड्याने घेतात. एकाने मला कारण सांगितलं ते पटलं: घोडा दिवसात जेवढं जाईल तेवढ्यातच माझी माणसं राहतात. मोटार आली की ती पांगणार.

काय चालेल, काय नाही हे प्रत्येक मंडळी (म्हणजे स्थानिक चर्च) आपापलं ठरवते. या अलिखित नियमांना 'ऑर्डनुंग' म्हणतात. त्यामुळे 'अमिश लोक अमुक करतात' असं सरसकट वाक्य कधीच खरं नसतं. स्वार्टझेनट्रूबर म्हणून फार कडक गट आहे, ते तर बग्गीवर तो केशरी त्रिकोणसुद्धा लावत नाहीत, भडक रंग नको म्हणून. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

घाटमाथा | १६ सप्टेंबर

दुधाचं सांगा ना, तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं.

ओहायोचा_पाहुणा | १६ सप्टेंबर

हां. दूध कंपन्यांनी कॅनमधून दूध घेणं बंद केलं आणि थंड टाकी हवी म्हणाल्या. टाकी थंड करायला वीज लागते, वीज तर नको. मग डिझेल इंजिनावर टाकी थंड करायची पद्धत निघाली. पण रविवारी दूध न्यायला टँकर येऊ द्यायचा नाही, ही अट त्यांनी सोडली नाही. गाई रविवारी दूध देतात, ते काढतात. विकत मात्र नाहीत.

फुलराणी_७ | १६ सप्टेंबर

सगळे किती भारावलेत. थोडं पाणी ओतू का?

आठवीपर्यंतच शाळा. एका खोलीत आठही इयत्ता, शिकवणारी बाईही बहुतेक आठवीच झालेली अमिश मुलगी. विस्कॉन्सिन विरुद्ध योडर या १९७२ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याला मान्यता दिली. त्या निकालात एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांनी विचारलं होतं की आईबापांचं म्हणणं ऐकलं, पण मुलांना काय हवंय? उद्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर? बाप्तिस्मा घेतल्यावर सोडून गेलीस तर घरच्यांच्या ताटाशेजारी ताट नाही. बाया धर्मगुरू होऊ शकत नाहीत.

आणि आपण काय करतो? तिथून गोधडी आणतो, "किती साधं, किती सुंदर जीवन" म्हणतो आणि घरी येऊन मुलीला कुमॉनच्या शिकवणीला सोडतो.

खडूस_कोकण्या | १६ सप्टेंबर

+१. शेवटचं वाक्य वर्मी लागलं. गोधडी आणली होती.

बोरूबहाद्दर | १६ सप्टेंबर

फुलराणी, मुद्दे रास्त. एक दुरुस्ती मात्र: बहिष्कार बाप्तिस्मा घेऊन मग सोडणाऱ्यावर असतो. घेण्याआधीच निघून गेला तर तसा नाही. बाप्तिस्मा साधारण अठरा ते बावीस या वयात, तोवर 'रुमश्प्रिंगा'. या काळात मुलं थोडं सैल वागतात. टीव्हीवाल्यांनी त्याचं पार दारू-धिंगाणा करून टाकलंय. पुष्कळांच्या बाबतीत ते रविवारी संध्याकाळी मुलामुलींनी जमून गाणी म्हणणं आणि एकमेकांना घरी सोडणं एवढंच असतं. निवड आहे असं ते म्हणतात. आठवी शिकून, बाहेरचं एकही माणूस जवळचं नसताना केलेली निवड किती मोकळी, हा तुमचा प्रश्न उरतोच.

डॉ_दिगंत | १७ सप्टेंबर

बालरोगतज्ज्ञ आहे, रेसिडेन्सी पेनसिल्वेनियातच केली. 'डॉक्टर व्हायचं असेल तर' यावरून आठवलं.

थोड्याच मूळ कुटुंबांतून सगळा समाज वाढल्यामुळे काही दुर्मिळ आनुवंशिक आजार त्यांच्यात वारंवार दिसतात. ग्लुटॅरिक ॲसिड्यूरिया हा त्यातला एक. बाळ चांगलं असतं, साधा ताप येतो आणि मेंदूला कायमची इजा होते. लँकेस्टरच्या मेनोनाइटांत मेपल सिरप युरिन डिसीज हा असाच दुसरा आजार. १९८९ मध्ये डॉ. होम्स मॉर्टन यांनी लँकेस्टरजवळच्या स्ट्रासबर्गला 'क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन' सुरू केलं. ती इमारत अमिश आणि मेनोनाइट लोकांनी स्वतःच्या हातांनी उभारली. लाकडी चौकट, बाहेर घोडे बांधायला दांडी आणि आत आनुवंशशास्त्राची अद्ययावत प्रयोगशाळा. क्लिनिकसाठी गोधड्यांचे लिलाव होतात. जन्मतःच निदान आणि आहार सांभाळून किती मुलं वाचली! जेनेटिक्सची भाषणं मी खूप ऐकली, पण आठवी शिकलेल्या अमिश आईने मला ॲमिनो ॲसिडचा हिशोब तोंडपाठ सांगितला तो दिवस विसरत नाही.

विमा घेत नाहीत, मंडळी वर्गणी काढून बिल भरते. रोख.

फुलराणी_७ | १७ सप्टेंबर

हे माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. माझा मुद्दा तरी तसाच आहे, ती आई काय झाली असती कोण जाणे.

डॉ_दिगंत | १७ सप्टेंबर

मान्य. मलाही तेव्हा हेच वाटलं होतं.

मी_अमुक | १७ सप्टेंबर

घराचं फाटक निळं रंगवलेलं असलं की त्या घरात लग्नाची मुलगी आहे असं समजायचं म्हणे! आमच्या गाइडने सांगितलं.

बोरूबहाद्दर | १७ सप्टेंबर

गाइडने थाप मारली. ही फार जुनी लोणकढी आहे. फाटक निळं असतं कारण घरात निळा रंग उरलेला असतो.

लग्नाचं खरं सांगतो, जास्त मजेशीर आहे. लँकेस्टरला लग्नं सुगी आटोपल्यावर, मुख्यतः नोव्हेंबरात, आणि तीही मंगळवारी किंवा गुरुवारी. तीन-चारशे पाहुणे, घरीच. जेवणात सेलरी हवीच, शिजवलेली आणि टेबलावर बरण्यांत उभी करून ठेवलेलीही. त्यामुळे कुणाच्या परसात यंदा सेलरी जास्त लावलीय हे शेजारीपाजारी बघून ठेवतात.

तिरकस_तेंडल्या | १७ सप्टेंबर

आमच्याकडे मंडपवाल्याने आधी फोडलं होतं. सेलरी बरी.

नलूमावशी | १८ सप्टेंबर

त्यांचा धर्मोपदेशक कसा निवडतात ते सांगते. मंडळीतले लोक नावं सुचवतात. ज्यांना पुरेशी मतं पडली त्यांच्यासमोर सारखी दिसणारी प्रार्थनागीतांची पुस्तकं ठेवतात, एकात चिठ्ठी असते. ज्याच्या पुस्तकात निघाली तो जन्मभर उपदेशक, आणि पगार शून्य. चिठ्ठी निघाली की घरची माणसं रडतात म्हणे, आनंदाने नव्हे.

खडूस_कोकण्या | १८ सप्टेंबर

आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष असाच निवडावा. सध्या चिठ्ठी नसते, रडणं मात्र असतं.

शब्दवेडी | १८ सप्टेंबर

मला सगळ्यात नवल भाषेचं वाटतं. घरात पेनसिल्वेनिया डच (नाव डच, भाषा जर्मन बोली), प्रार्थनेला जुनी जर्मन, आणि बाहेरच्यांशी इंग्रजी. मूल शाळेत गेल्यावर इंग्रजी शिकतं. अडीचशेहून अधिक वर्षं झाली आणि अजून घरातली भाषा तीच! आपली मुलं दुसऱ्या पिढीत "आजी, आय डोन्ट नो व्हॉट यू आर सेइंग". आपण त्यांच्याकडून काही शिकावं की नाही?

ओहायोचा_पाहुणा | १८ सप्टेंबर

शिकण्यासारखं एकच: शाळा स्वतःची, लग्न आपसांतच, टीव्ही नाही, आठवीनंतर शिक्षण नाही, आणि घोडा जाईल तेवढ्यात सगळे नातेवाईक. भाषा टिकेल. कोण तयार आहे, हात वर करा.

शब्दवेडी | १८ सप्टेंबर

हात खाली. पण बरं नाही वाटत.

फुलराणी_७ | १८ सप्टेंबर

आणि मजा म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना ते 'इंग्लिश' म्हणतात. चांदणवेल, तुझे आप्पा लँकेस्टरला पोचले की इंग्लिश होणार!

घाटमाथा | १९ सप्टेंबर

चर्चा कुठच्या कुठे गेली. जेवणाचं कुणीच सांगितलं नाही, म्हणून मीच. शाकाहार कठीण आहे. फरसबीत हॅम, पायच्या पारीत कधी कधी डुकराची चरबी. नूडल्समध्ये अंडं. विचारल्याशिवाय काही घेऊ नका. त्यातल्या त्यात चालण्यासारखं म्हणजे घरचा पाव, सफरचंदाचं ॲपल बटर (नाव बटर, लोणी अजिबात नाही), चाऊ-चाऊ म्हणजे मिश्र भाज्यांचं आंबटगोड लोणचं, आणि घरी केलेली रूट बीअर (बीअर नाही, घाबरू नका). आत्यांसाठी दशम्या बांधून न्या. रोख पैसे ठेवा. पुष्कळ ठिकाणी पेटीत पैसे टाकून आपणच भाजी उचलायची असते.

मार्चमध्ये कुणी येणार असेल तर 'मड सेल' बघा. स्वयंसेवी अग्निशमन दलासाठी लिलाव असतो. गोधड्या, बग्ग्या, घोडे, जुने नांगर. वसंतातल्या चिखलावरून नाव पडलंय, बूट तसे घाला.

मी_अमुक | १९ सप्टेंबर

ती गोळीबार झालेली शाळा कुठे आहे? तीही बघता येते का?

नलूमावशी | १९ सप्टेंबर

नाही. आणि विचारूही नका तिथे कुणाला.

२ ऑक्टोबर २००६ ला निकेल माइन्सच्या शाळेत पाच मुली गेल्या. मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. त्याच दिवशी अमिश माणसं त्याच्या बायकोकडे आणि आईबापांकडे गेली, आमच्या मनात तुमच्याविषयी राग नाही सांगायला. त्याच्या दफनालाही गेली. दहा दिवसांत त्यांनी शाळा पाडली आणि जागेवर गवत पेरलं. नवी शाळा थोड्या अंतरावर बांधली. बघायला काही राहू नये, म्हणूनच पाडली ना ती?

मी_अमुक | १९ सप्टेंबर

चुकलो मावशी. माहीत नव्हतं.

चांदणवेल | २० सप्टेंबर

सगळ्यांचे खूप आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. तो म्हणाला, नलूमावशी बरोबर. मी म्हटलं, मावशींनीच 'जा' म्हटलंय. बोलणं सुरू झालेलं आहे. येऊन लिहिते.

चांदणवेल | २९ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. शनिवारी जाऊन आलो.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी घेऊन सकाळी सहाला निघालो. ३४० वरून एका लहान रस्त्याला वळलो आणि घाटमाथाच्या सल्ल्यानुसार हरवलो. मका कापून झालेला होता. एका रानात सहा खेचरांची जोडणी चालली होती. आप्पांनी गाडी थांबवायला लावली आणि उतरून बांधावर उभे राहिले. धोतर, कोट, डोक्यावर पांढरी टोपी. लांबूनच बघत होते, मी फोटो काढला नाही.

पुढे एका घरासमोर भोपळ्यांचा ठेला होता. चार मुलं तिथे बसलेली, सगळ्यात मोठी दहा-अकराची असेल. आम्ही उतरलो आणि ती चौघं आप्पांकडे जी बघायला लागली! टोपीकडे, धोतराकडे, परत टोपीकडे. धाकट्याने बहिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती आत पळाली आणि आणखी तिघांना घेऊन आली. सात पोरं रांगेत. आप्पा मला म्हणाले, "आगं, ही आपल्यालाच बघाय लागल्यात की." नवरा कुजबुजला, "आता हॅलो हॅलो कोण म्हणणार?" मला इतकं हसू आलं की भोपळा हातातून पडला. त्याचेही पैसे दिले.

मग त्यांचे वडील आले. चाळिशीचा माणूस, हनुवटीखाली दाढी आणि मिशी सफाचट. मुलांना काहीतरी म्हणाला, त्यांनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, असू द्या, आमचे सासरे शेतकरी आहेत, भारतातून आलेत. त्याने विचारलं, काय पिकवतात? मी तंबाखू म्हटल्यावर तो थांबला, आप्पांकडे नीट बघितलं आणि म्हणाला, या.

घराच्या मागे कोठार होतं. भिंतीच्या उभ्या फळ्या बिजागऱ्यांवर उघडलेल्या, वारं खेळायला. आत छतापर्यंत तंबाखू टांगलेली, अख्खी रोपं लाकडी पट्ट्यांना ओवून, उलटी. मला माहीतच नव्हतं की लँकेस्टरचे अमिश पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू लावतात. आप्पा दारातच उभे राहिले आणि मोठा श्वास घेतला. म्हणाले, "वखारीचा वास."

पुढची वीस मिनिटं मी दुभाषी. आप्पांनी सांगितलं, आम्ही असं टांगत नाही, रानातच उन्हात वाळवतो. त्याने विचारलं, पाऊस आला तर? आप्पा म्हणाले, "तर मेलो." याचं भाषांतर करावं लागलं नाही. खेचरं काय खातात, नाल किती दिवसांनी, थंडीत बसून घरातले सगळे पानं कशी सोडवतात, सगळं झालं. आप्पांनी एक पान परवानगी घेऊन बोटांत धरलं, शिरेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग विचारलं, दर कोण ठरवतं?

तो म्हणाला, घेणारा.

आप्पा जे हसले! ८१ साली तंबाखूच्या दरासाठी झालेल्या निपाणीच्या आंदोलनात शेतकरी नेते शरद जोशींबरोबर ते हायवेवर बसले होते. गोळीबारात माणसं गेली ते त्यांनी जवळून बघितलंय, एरवी त्याविषयी बोलत नाहीत. मला म्हणाले, "त्याला इचार, मग तुम्ही रस्ता आडवत न्हाई?" मी विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आमच्यात तसं करत नाहीत, आम्ही दुसरं पीक लावतो. आप्पा म्हणाले, "आमीबी शेवटी त्येच केलं. ऊस लावला."

निघताना मालकीणबाईंनी ॲपल बटरची बरणी दिली, पैसे घेतले नाहीत. आत्यांनी पिशवीतली चटणीची पुडी काढून त्यांच्या हातात ठेवली. तिखट आहे हे सांगायला मी विसरले. त्याची काळजी आहे.

तिरकस_तेंडल्या | २९ ऑक्टोबर

पुढच्या रविवारी प्रार्थनेत अश्रू आले तर मंडळीला वाटेल साक्षात्कार झाला.

नलूमावशी | २९ ऑक्टोबर

छान लिहिलंस गं. दोनदा वाचलं.

फुलराणी_७ | ३० ऑक्टोबर

मस्तच. एक खडा टाकतेच: देवभोळे लोक, टीव्ही-सिनेमा वर्ज्य, आणि तंबाखू पिकवतात?

ओहायोचा_पाहुणा | ३० ऑक्टोबर

थोड्या जमिनीत घरच्या सगळ्या हातांना काम आणि रोख पैसा देणारं पीक होतं ते. त्यांच्यातही यावरून मतभेद आहेत. आता बरेच जण भाजीपाला, हरितगृहं याकडे वळलेत.

मी_अमुक | ३० ऑक्टोबर

वा! आम्हीही थँक्सगिव्हिंगला जाणार आहोत. ते घर नक्की कुठल्या रस्त्यावर आहे? गुगल मॅपचं ठिकाण टाकता का? माझ्या वडिलांनाही ते कोठार दाखवायचंय.

चांदणवेल | ३० ऑक्टोबर

नाही टाकणार. रागावू नका, पण खासगी निरोपातही विचारू नका. ३४० वरून वळा आणि हरवा.